बुटांचं खोकं आणि रिमोटची गाडी

आकाशकंदील झाला, पतंग झाला, पाणचक्की झाली. तरी तुमच्या पत्रांत एक हट्ट कायम! "सर, रिमोटची गाडी कधी?" मी आपला आजवर टाळत होतो. एक तर ती गाडी स्वस्त नाही. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगू का? मला स्वतःलाच ती नीट येत नव्हती. मी पडलो प्राथमिक शाळेतला मास्तर. आमचा कार्यानुभव म्हणजे पुठ्ठा, कात्री आणि डिंक! पण यंदा गाडी आपण होऊन माझ्या दारात आली, आणि तीही मोडलेली.

आणली माझ्या भाच्यानं. तो कोल्हापुरात आठवीत शिकतो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या एका मुलाकडून त्यानं ती जुनी घेतली. त्यासाठी दोन दिवाळ्यांचे पैसे साठवले होते. घरात तोवर कुणालाच पत्ता नाही! गाडी एकास दहा मापाची. म्हणजे खरी गाडी चार मीटर लांब असेल तर ही चाळीस सेंटिमीटर. मातीवर, उड्या मारत धावणारी बग्गी. मोटर चांगली, चाकं चांगली, रिमोट चांगला. फक्त मधला प्लॅस्टिकचा सांगाडा आडवा तुटून दोन तुकडे झालेला. आमची ताई म्हणाली, "अठराशे रुपयांचा भंगार आणलायस!" भाचा गप्प. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, चासी आपणच केली तर ओ?"

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. मोटर, बॅटरी, चाकांचे हात, स्टिअरिंग फिरवणारा सर्व्हो, सगळं काही ज्याच्यावर बसतं तो पाया. वरचं रंगीत कवच दिसायला छान असतं, पण गाडी पळते ती चासीच्या जिवावर. दुकानातली खेळण्याची गाडी बिघडली की फेकून द्यावी लागते. शर्यतीच्या गाडीचा प्रत्येक भाग मात्र स्क्रूनं जोडलेला असतो. एक मोडला तर तेवढाच काढायचा नि बदलायचा. आमच्या गाडीत मागचा गिअरबॉक्स मोटरसकट एका तुकड्यात शाबूत होता आणि पुढच्या चाकांचा जोड दुसऱ्या तुकड्यात. दोघांमध्ये एक पूल हवा होता. एवढंच काम! निदान तेव्हा तरी मला तसं वाटलं.

पहिली पायरी पुठ्ठ्याची. तिच्यात मी उस्ताद! तुटलेले तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून ठेवले, कडेनं पेन्सिल फिरवली, स्क्रूंच्या भोकांतून टाचणी टोचून खुणा घेतल्या. पुठ्ठ्याची चासी झाली ३० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. पुठ्ठा चुकला तर दुसरा घ्या, पत्रा चुकला तर खिसा फाटतो! म्हणून आधी पुठ्ठा.

मग सहा मिलिमीटरच्या प्लायवूडची केली. वजन साधारण शंभर ग्रॅम, चालली पण छान. दुसऱ्याच दिवशी गाडी अंगणातल्या तुळशीवृंदावनाला धडकली आणि पुढच्या स्क्रूंपाशी प्लायवूड उकललं, खारी बिस्किटासारखं पदर पदर सुटलं. मग आणला ॲल्युमिनियमचा दोन मिलिमीटरचा पत्रा. वजन किती होईल ते भाच्यानं पत्रा कापण्याआधीच काढलं. ३० गुणिले ९ गुणिले ०.२ म्हणजे ५४ घन सेंटिमीटर. ॲल्युमिनियमचा घन सेंटिमीटर २.७ ग्रॅमचा. झाले १४६ ग्रॅम. वजनकाट्यावर १४४ भरले (भोकं पाडली होती ना!) तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. घनता हा धडा त्याला गेल्या वर्षी अजिबात आवडला नव्हता, बरं का!

गाडी ओट्यावरून उडी मारून खाली आली आणि पहिल्याच उडीत चासीचं केळं झालं. मधोमध वाकलेली, पोट जमिनीला घासतंय. भांड्यांना वापरतात तसला मऊ पत्रा होता तो. वाकला की वाकलेलाच राहतो.

मी म्हटलं, "तीन मिलिमीटरचा घेऊ." हिशेब तसा चुकीचा नव्हता. पत्र्याची जाडी दीडपट केली तर वजन दीडपट होतं, पण वाकण्याला होणारा विरोध दीडाचा घन, म्हणजे जवळजवळ तीन पूर्णांक चार पट वाढतो. फायद्याचा सौदा! पण वजन दोनशेवीस ग्रॅमच्या घरात जात होतं. तेव्हा कॉटवर पेपर वाचत पडलेले दाजी पहिल्यांदा बोलले. दाजी उद्यमनगरात लेथवर काम करतात. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं लोखंडाचं काळीज. ओतकाम, लेथ, वेल्डिंग, जे म्हणाल ते तिथं होतं. दाजी म्हणाले, "पाव्हणं, जाडी कशाला वाढवताय? कडा दुमडा की!"

आता हातात वहीचा एक कागद घ्या. एका टोकाला धरा. दुसरं टोक मान टाकतं ना? आता त्याच्या दोन्ही लांब कडा बोटभर वर दुमडा आणि पुन्हा धरा. ताठ! पुढच्या टोकावर पेन ठेवलं तरी तोलतो. कागद तोच, वजन तेच. घरावरचा पन्हळी पत्रा आणि पन्हाळीचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची नळी यांच्यामागे हीच युक्ती आहे.

आणि गंमत म्हणजे रिमोटच्या गाड्यांच्या जगात या युक्तीला मोठा मान आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात टीम असोसिएटेड नावाची कंपनी आहे. तिनं १९८४ साली 'आरसी-१०' नावाची बग्गी बाजारात आणली. तेव्हाच्या बहुतेक बग्ग्यांचे सांगाडे प्लॅस्टिकचे असायचे. हिची चासी मात्र ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, दोन्ही कडा वर वळवलेल्या, परातीसारखी, वर सोनेरी मुलामा. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, या मापाच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियातच डेल मार इथं झाली. दोन चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांच्या गटात ही सोनेरी परात जिंकली! मी हे दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "अस्सं? बरं झालं, त्यांनी आमचं ऐकलं." आणि पुन्हा पेपरात डोकं.

दाजींच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये बेंडिंग मशीन आहे. त्यावर दीड मिलिमीटरच्या पत्र्याच्या दोन्ही कडा दोन-दोन सेंटिमीटर वर वळवून मिळाल्या. वजन १५८ ग्रॅम. म्हणजे सपाट पत्र्यापेक्षा फक्त बारा ग्रॅम जास्त, आणि ओट्यावरून वीस उड्या मारल्या तरी केळं होईना! इथं एक सांगून ठेवतो. फार कडक जातीचा ॲल्युमिनियम पत्रा काटकोनात दुमडला तर कडेला चिरतो. दुमडायचा असेल तर दुकानदाराला तसं सांगूनच घ्यावा.

गाडी जुळवली. मोटरवरचं छोटं चक्र आणि गिअरबॉक्सचं मोठं चक्र यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट केली, मग पट्टी काढून घेतली. दातांत बरोबर कागदाएवढी फट राहते. त्याहून कमी ठेवली तर गिअर रडतात, जास्त ठेवली तर दात झिजतात.

पण गाडी उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशी वळायची. एका बाजूला झर्रकन्, दुसऱ्या बाजूला लांबलचक गोल घेऊन. स्टिअरिंग तपासलं, ठीक होतं. मग ताईच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शेजारच्या काकूंचा वजनकाटा शेजारी शेजारी ठेवले. डावी चाकं एकावर, उजवी दुसऱ्यावर. डावीकडं ८५० ग्रॅम, उजवीकडं ७७०! बॅटरी डावीकडं बसवली होती ना! सहा सेलची ७.२ व्होल्टची बॅटरी, एकटी ३७५ ग्रॅमची. मग ती किती सरकवायची?

भाच्यानं वही घेतली. "मामा, चाळीस ग्रॅम इकडचे तिकडं गेले की दोन्हीकडं ८१०." बरोबर. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर २० सेंटिमीटर. बॅटरी पूर्ण २० सेंटिमीटर सरकली असती तर ३७५ ग्रॅम तिकडं गेले असते. आपल्याला हवेत ४०. त्रैराशिक! उत्तर आलं २.१ सेंटिमीटर. बॅटरी तेवढी सरकवली तर ती बरोब्बर मधोमध आली. आता यावर तुम्ही म्हणाल, मग आधीच मधोमध का नाही बसवली? हाच प्रश्न ताईनंही विचारला होता.

आता माझा पराक्रम ऐका.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती, शाळेच्या मुलांनाही प्रवेश. रविवार होता, शर्यत पुढच्या रविवारी. भाचा क्लासला गेला होता. मी फोनवर मोठमोठ्या शर्यतींच्या गाड्यांचे फोटो बघत बसलो होतो. त्यांच्या चासीत कशी सुंदर गोल गोल भोकं आणि खिडक्या! वजन कमी करायला पाडलेल्या. म्हटलं, पोराला चकित करू. दाजींची ड्रिल मशीन काढली आणि सोळा भोकं पाडली, बारा-बारा मिलिमीटरची. दोन ओळींत, अगदी मापात. दिसत तर फार छान होती!

संध्याकाळी सरावाला गेलो. तिसऱ्या उडीला टक् असा आवाज आला. गाडी उचलली तर दोन भोकांच्या मधून चीर निघून स्क्रूच्या भोकापर्यंत गेलेली, आणि तिथून दुमडलेल्या कडेत. मागचा गिअरबॉक्स लोंबकळत होता.

भाचा काही बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. गाडी पिशवीत घातली आणि घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढं चालत राहिला. जेवताना ताईनं विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही." माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. दोन दिवाळ्यांचे पैसे, दोन महिन्यांचे रविवार, आणि मामानं न विचारता ड्रिल मशीन चालवलेली!

रात्री मी हिशेब केला, जो मी सकाळी करायला हवा होता. एका भोकातून निघालेला पत्रा अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. सोळा भोकांचे मिळून सव्वासात ग्रॅम. गाडी सोळाशे ग्रॅमची! खिशातल्या एखाद्या नाण्याएवढं वजन वाचवण्यासाठी मी पत्र्याला भोकांची ओळ पाडून दिली होती. काही वह्यांची पानं सहज फाडता यावीत म्हणून कडेला बारीक भोकांची ओळ असते, तसली! मोठ्या गाड्यांच्या खिडक्या जिथं ताण कमी असतो तिथंच असतात, आणि त्या कुठं पाडायच्या हे आधी तपासलेलं असतं. मी फक्त फोटो बघितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाजींना चासी दाखवली. त्यांनी बोट फिरवलं. "भोकं कशापायी पाडली?" मी म्हटलं, "हलकं व्हावं म्हणून." "मग झाली का?" एवढंच विचारलं त्यांनी. पुठ्ठ्याचा नमुना खिशात घातला आणि कामावर गेले. संध्याकाळी जेवणाच्या डब्याबरोबर नवी चासी घेऊन आले. दुपारची सुट्टी त्यांनी त्यात घालवली होती.

गाडी पुन्हा जुळवली. भाचा कामापुरतं बोलायला लागला, "स्क्रू द्या", "धरा" एवढंच. पण आता वेळ कमी असल्यामुळं आम्ही प्रत्येक गोष्ट नीट बघत होतो, आणि तेव्हा एक नवीनच भानगड दिसली. गाडीचा मागचा भाग टेबलावर घट्ट धरून पुढचा भाग पिळला, तर ओलं फडकं पिळावं तशी चासी पिळत होती! वाकत नव्हती, पण पिळत होती. वळणावर गाडी थोडा विचार करून मग वळायची, ते यामुळं. कडा तर दुमडलेल्या होत्या, मग असं का? मला उत्तर येईना. दाजींनाही येईना.

उत्तर मिळालं ते माझ्या चौथीच्या वर्गात. बुधवारी हस्तकलेचा तास होता. मुलांनी बुटांची खोकी आणली होती, त्यांची घरं करायची होती. एक मुलगी तक्रार घेऊन आली, "सर, माझं घर तिरकं होतंय. झाकण लावलं की होत नाही." मी तिच्या हातातून खोकं घेतलं. झाकण काढून पिळलं, सहज पिळलं. झाकण लावून चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद केलं आणि पिळलं. हूं की चूं नाही! मी एवढ्या मोठ्यानं हसलो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

वर उघडी असलेली पेटी वाकायला विरोध करते, पिळायला फारसा करत नाही. तिला झाकण हवं. पिळलेल्या पेटीच्या भिंती एकमेकींवरून सरकायला बघतात, आणि झाकण त्यांना सरकू देत नाही. आमच्या चासीला झाकणच नव्हतं! म्हणून तर शर्यतीच्या पुष्कळ गाड्यांना खालची पाटी आणि वरची पाटी अशा दोन मजली चासी असतात.

वरच्या पाटीसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सर्किटचा कॉपर क्लॅड बोर्ड आणला. तो काचेचे धागे आणि रेझिन यांचा असतो, हलका आणि ताठ. कापताना मात्र मुलांना जवळ येऊ दिलं नाही. त्याची पूड नाकात गेलेली अजिबात चांगली नाही. मोठ्या माणसानं मास्क लावून, पाणी शिंपडत, घराबाहेर कापायचा. पट्टी पुढच्या जोडापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत, मध्ये चार खांब, सगळीकडं तीन मिलिमीटरचे स्क्रू. आता पिळून बघितलं. बुटांचं बंद खोकं!

"मामा," भाचा म्हणाला, "त्या मुलीला काय देणार?" रविवारनंतरचं त्याचं पहिलं धड वाक्य.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर बघतो तर बाकीच्या गाड्या चकचकीत, काही तर थेट परदेशातून मागवलेल्या. एका मुलाकडं तर तीन गाड्या होत्या. एक काळ असा होता, की प्रत्येक रिमोटचा क्रिस्टल वेगळा आहे ना, हे शर्यतीआधी तपासावं लागायचं. दोघांचे सारखे निघाले तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी उधळायची! आताचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या गाडीशी जोडी जमवून घेतात, त्यामुळं ती कटकट गेली.

पहिल्या फेरीत आमची गाडी आठवी आली. मुरमावर रात्री पाणी मारलं होतं, वरचा थर निसरडा झाला होता. गाडी उड्या छान मारत होती, पण खाचखळग्यांवर एक चाक सारखं हवेत. मी म्हटलं, "स्क्रू सगळे घट्ट आहेत ना?" भाच्यानं पाना काढला आणि वरच्या पाटीचे मधले दोन स्क्रू चक्क काढून खिशात टाकले!

"अरे!" मी ओरडलो. "आठवडाभर ताठ करण्यात घालवला आपण!"

"जास्तच ताठ झालीय ओ, मामा. खळग्यात चारी चाकं टेकत नाहीत. थोडी पिळू दे."

मी हात खिशात घातले. न विचारता काही करायचं नाही, हे मी एकदा शिकलो होतो. आणि पोराचं बरोबर होतं! मोठे स्पर्धकही निसरड्या मैदानावर असंच करतात, वरच्या पाटीचे स्क्रू काढून चासीला हवी तेवढीच लवचिक करतात, हे मी नंतर वाचलं. दुसऱ्या फेरीत गाडी पाचवी. शेवटच्या फेरीत, नऊ जणांत, चौथी.

बक्षिसं पहिल्या तिघांना होती. भाचा जरा हिरमुसला. तेवढ्यात त्या कॉलेजचा एक दादा आला, गाडी उचलून त्यानं उलटी केली, दुमडलेल्या कडांवरून बोट फिरवलं, वरची पाटी दाबून बघितली आणि फोटो काढला.

"ही चासी कुठून मागवलीस रे?"

"उद्यमनगरातनं," भाचा म्हणाला.

मागं उभे असलेले दाजी खाकरले आणि चहा सांगायला निघून गेले.

आता दोन गोष्टी पालकांसाठी. नवी गाडी घेऊ नका, जुनी, सुटे भाग मिळणारी बघा. आणि लिथियमची बॅटरी असेल तर ती एकटी चार्जिंगला ठेवून झोपू नका, फुगलेली दिसली तर पुन्हा वापरू नका.

आणि दोस्तांनो, बुटांचं खोकं घरात असेलच. आधी झाकणाशिवाय पिळा, मग झाकण चिकटवून पिळा. तिसऱ्यांदा झाकणाला मधोमध मोठी खिडकी कापा आणि पुन्हा पिळा. काय होतं ते मला पत्रातून कळवा. खिडकी किती मोठी कापली तेही लिहा. माझ्या वर्गातल्या त्या मुलीनं दहा सेंटिमीटरची कापली होती. तिचं उत्तर पुढच्या आठवड्यात छापू.